लॅबमधलं पहिलं काम कमी लेखू नका

बीएस्सीनंतर लॅब असिस्टंटची नोकरी म्हणजे वर्ष फुकट, हे एका लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. मी परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ऑटोक्लेव्हचे, म्हणजे दाबाखालच्या वाफेने सामान निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचे, १२१ अंश आणि १५ मिनिटं परीक्षेत सगळेच लिहितात. पण ऑटोक्लेव्ह गच्च भरला तर वाफ सगळीकडे पोचत नाही, हे रोजच्या कामातच अंगवळणी पडतं. रक्ताची ट्यूब जोरात हलवली की लाल पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येऊन रिपोर्टमध्ये ते खोटंच वाढलेलं दिसतं, आणि डॉक्टर त्यावरून औषध ठरवणार! एवढी जबाबदारी बाविशीत कुठे मिळते? लेखकाने खरं तर पगारावर लिहायला हवं होतं. विरार-डोंबिवलीहून येणाऱ्या मुलांना त्यात महिना काढणं कठीण जातं, म्हणून चांगली मुलं सोडून जातात.