ते नव्याने ख्रिस्ती झालेले नाहीत

रविवारी सकाळी लंडनच्या ओल्ड केंट रोडवरून बसने जाऊन बघा. टायरवाल्यामागच्या गोदामात चर्च, बंद पडलेल्या दुकानाच्या माडीवर चर्च. पांढरे पायघोळ झगे घातलेली, भर थंडीत अनवाणी चालणारी, आफ्रिकेत सुरू झालेल्या सेलेस्टियल चर्चची माणसं. 2013 साली रोहॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात एकट्या सदर्क भागात प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची 240 चर्च आढळली होती.

या चर्चमध्ये जाणाऱ्या आफ्रिकन पोरांबद्दल इथल्या आपल्या भारतीय मंडळींचं मत ठरलेलं. "बिचारी एकटी पडतात हो, खोली-नोकरी मिळते म्हणून जातात." आता खोली मिळते हे खरंच आहे, आणि त्यात गैर काय? वृद्ध-आजाऱ्यांच्या देखभालीच्या कामासाठी केअर व्हिसावर आलेल्या पोराचा मुक्काम नोकरी देणाऱ्याच्या मर्जीवर. मार्च 2024 नंतर अशा कामावर नव्याने आलेल्यांना बायकामुलं आणायचीही सोय राहिली नाही. त्याने व्हिसासाठी प्रार्थना केली की आपण हसायचं! हैदराबादजवळच्या चिलकूरच्या 'व्हिसा बालाजी'ला प्रदक्षिणा घालून अमेरिकेला गेलेले आपल्या नात्यात किती निघतील, ते आधी मोजा.

पण गरज होती म्हणून श्रद्धा आली, हे मला मुळातच पटत नाही. माझ्या ओळखीचा नायजेरियातल्या इबादानचा एक मुलगा केअर होममध्ये काम करतो. आजोबा चर्चमध्ये धर्मशिक्षण द्यायचे, हा लहानपणापासून गायकवृंदात. इथे आल्यावर तो जवळच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, चर्चमध्ये गेला. शेजारच्या आजीबाईंनी प्रेमाने उपासनेचा कागद पुढे धरला आणि ओळीखाली बोट फिरवत राहिल्या, चुकू नये म्हणून. याला सगळं तोंडपाठ! नंतर चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, "तू ख्रिस्ती कधी झालास?" तो म्हणाला, "तिसरी पिढी." मग विषय हवामानावर गेला.

गुलामांच्या जहाजातून सुटलेला नायजेरियातल्या योरुबा समाजाचा मुलगा सॅम्युअल अजायी क्राउदर याला 1864 मध्ये कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये बिशपपदाची दीक्षा मिळाली, हे त्या चहावाल्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हातारपणी गोऱ्या मिशनऱ्यांनी त्यांना बाजूला सारलं. त्याबद्दल चर्चने माफी मागितली ती 2014 मध्ये.

मला अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि लगेच वाद सुरू! पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्य मला पटवून द्या, केवळ तुम्ही सांगता म्हणून मानणार नाही. तिथल्या मठातल्या त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन हैराण. पाहुणीने शिकायचं असतं, शंका काढायच्या नसतात, अशीच तिथल्यांची समजूत. ती अजून पुरती गेलेली नाही. आफ्रिकन पोरांचं उत्साही गाणं हवं, रिकामे बाक भरायला हवेत. बायबलचा अर्थ मात्र आम्ही सांगू. तो मुलगा मला एकदा वैतागून म्हणाला, "मला खुर्च्या मांडायला सांगतात. प्रवचन कसं वाटलं, ते कुणी विचारत नाही."

आफ्रिकन पास्टरांच्या चर्चमध्ये सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. केअर वर्करच्या पगारातून दशांश घ्यायचा आणि 'पेराल ते उगवेल' म्हणायचं, हे आपल्या बुवा-महाराजांना शोभेल असंच. नायजेरियातल्या रिडीम्ड चर्चचे प्रमुख अडेबोये यांना भक्त 'डॅडी' म्हणतात; तिथे शंका विचारणं किती सोपं असेल, तुम्हीच ठरवा. याच कारणाने काही तरुण तिथून जुन्या इंग्रज चर्चकडे वळतात. म्हणजे डोकं गहाण ठेवायची तयारी नसलेली पोरं ही, आणि इकडे त्यांना खुर्च्या मांडायला लावतात.

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये चर्चच्या स्वतःच्या मतदारयादीत नाव लागून सहा महिने झाले की पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, समितीची निवडणूक लढवता येते. त्या इबादानच्या मुलाचं नाव यादीत आहे. समितीची बैठक मंगळवारी संध्याकाळी, आणि तेव्हा याची हमखास ड्युटी. दिवस बदलता येईल का, असं त्याने व्हिकरना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, विचारलंय. अजून उत्तर नाही.