चौकोन माझा, ओळ त्याची

आमच्या सोसायटीच्या सभेत ठरलं की यापुढे पार्किंग हा पहिला मजला धरायचा. का, ते विचारू नका. ठराव मंजूर झाला आणि लगेच बटाटेवडे आले. त्यामुळे १०१ चा २०१ झाला, २०१ चा ३०१, असं थेट गच्चीपर्यंत. सभासदांची यादी माझ्याकडे, कारण ‘तुम्ही कॉम्प्युटरमधले’.

यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये: नाव, मोबाइल, फ्लॅट, थकबाकी. व्हिम नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, कंट्रोल-व्ही दाबून फ्लॅटचा रकाना तेवढा उभा निवडला. तीन-चार आकडे लागोपाठ दिसले की त्यात शंभर मिळव, असं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातला नमुना जुळवणारं सूत्र, योजलं. आज्ञा द्यायला कोलन दाबताच व्हिमने आपणहून '<,'> लिहून दिलं. म्हणजे साहेबांना निवड कळली. एंटर.

फ्लॅट जागच्या जागी. मोबाइल मात्र ९८२२ चे ९९२२! आणि घात असा की ९९२२ सुद्धा अगदी आपल्याकडचाच नंबर वाटतो, डोळ्याला खटकतच नाही.

व्हिमने लिहिलेल्या त्या खुणांचा अर्थ ‘निवडीच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत’ एवढाच. चौकोन गेला उडत. व्हिम १९९१ चं, पण त्याच्या कोलनवाल्या आज्ञा युनिक्सवाल्या केन थॉम्प्सनच्या ‘एड’ या जुन्या एडिटरपासून चालत आलेल्या. तेव्हा पडदाच नव्हता. टेलिटाइपवर, म्हणजे कागदावर छापणाऱ्या टंकयंत्रावर, कागद सरकायचा आणि जे काय बोलायचं ते ओळीशी. उभा रकाना निवडणार कुठे, कागदावर?

उपाय आहे. बॅकस्लॅश, टक्का, मोठा व्ही: \%V. हा वॉचमन एक्स्प्रेशनच्या सुरुवातीला उभा केला की जुळणी चौकोनातच सुरू होते. पण ती संपते कुठे, हे तो बघत नाही. आत शिरलेली जुळणी खुशाल शेजारच्या रकान्यात पाय पसरू शकते. म्हणून दुसरा वॉचमन शेवटी. शेवटी म्हणजे शेवटच्या आकड्याच्या आधी! नंतर उभा केला तर तो स्वतःच चौकोनाबाहेर पडतो आणि जुळणी फसते. हे सगळं मदतपुस्तिकेत लिहिलेलं आहे, आणि ती वाचणारी माणसं कुठल्या सोसायटीत राहतात ते मला बघायचंय.

माझा एक मित्र ईमॅक्सवाला, म्हणजे दुसऱ्या एडिटरचा भक्त. तिथे चौकोन निवडून बदल केला की चौकोनातच होतो. त्याने करून दाखवला, गरज नसताना दोनदा. वर म्हणाला, “अरे, तुझ्या व्हिममध्ये रकाना निवडून १०० टाइप कर आणि कंट्रोल-ए दाब. प्रत्येक आकड्यात शंभर मिळतात. रेग्युलर एक्स्प्रेशन हवंय कशाला?” व्हिमची ही खुबी ईमॅक्सवाल्याने सांगावी! दाबलं. झालं. चहा त्याला मीच पाजला.

यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. अर्ध्या तासात बाराव्या मजल्यावरून आक्षेप आला, आम्ही तेराव्यावर राहणार नाही. मागोमाग सेक्रेटरींचा फोन.

“१३०१ चं १२-अ-१ करून टाका, १३०२ चं १२-अ-२. पण फक्त फ्लॅटच्या रकान्यात हं. थकबाकीत कुणाचे १३०१ असतील, तर ते राहू द्या. वसूल करायचेत.”