"१०९९ म्हणजे नोकरी नाही" हे एच-४ वाल्या पोरींना सांगणं आधी बंद करा

परवा मावशीने फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला आणि खाली मला टॅग करून लिहिलं, "आपल्या धाकटीसाठी अगदी योग्य आहे, तू मदत कर तिला." धाकटी म्हणजे माझी मावसबहीण, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन डॅलसजवळ आलीये, एच-४ वर आहे, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या बायकोचा व्हिसा, आणि ईएडी, म्हणजे काम करायचं परवानापत्र, नाही. हा मेसेज मला त्याआधी तीन ग्रुपवर येऊन गेला होता, मी सोडून दिला होता, पण त्याच रात्री तिचा फोन आला की ताई, मी नोटरीचा फॉर्म भरायला घेतलाय, त्याला लागणारा बॉण्ड, म्हणजे हमीपत्र, कुठून काढू? तेव्हा मात्र डोकं सटकलं. मी टेक्सासमध्ये मोबाइल नोटरीचं, म्हणजे लोकांकडे जाऊन सह्या घ्यायचं काम करते आणि बँकांसाठी घरं बघून यायचं फील्ड इन्स्पेक्शनही करते, त्यामुळे यातलं खरं-खोटं मला चांगलं माहितीये.

मेसेज म्हणतो की अमेरिकेत नोटरी व्हायला वकील असावं लागत नाही, गाडी काढायची, लोकांच्या घरी जाऊन लोनच्या सह्या घ्यायच्या, त्याच फेरीत बँकांसाठी घरांचे फोटो काढायचे, म्हणजे गॅस (पेट्रोल) तेवढाच आणि पैसे डबल. फोटोंच्या रिपोर्टवर आपलाच नोटरीचा शिक्का मारला की रेट वाढतो. महिन्याला ५ हजार डॉलर्स आरामात. आणि सगळं १०९९ वर, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर म्हणून असल्याने ही "नोकरी" धरत नाहीत, एच-४ वाल्या बायकांनाही चालतं, आयटीआयएन (टॅक्स भरायचा नंबर) असला की झालं.

शेवटचं आधी घेते, कारण त्यात एखादीचं आयुष्य अडकू शकतं. १०९९ हा टॅक्सचा फॉर्म आहे. तुम्ही पगारी नोकर की स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर एवढंच त्यातून आयआरएसला (अमेरिकेच्या टॅक्स खात्याला) कळतं, काम करायची परवानगी त्यातून मिळत नाही. आयटीआयएनचंही तेच, तो फक्त टॅक्स भरण्यासाठी आहे आणि त्याने काम करायचा हक्क मिळत नाही हे आयआरएस स्वतःच सांगतं. इमिग्रेशनचा नियम बघायचा तर ८ सीएफआर २१४.१, पोटकलम (ई) वाचा, एकच परिच्छेद आहे. नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने परवानगीशिवाय काम केलं तर त्याने स्टेटस (इथे राहायचा कायदेशीर दर्जा) राखलं नाही असं धरतात, इतकं सरळ लिहिलंय. एच-४ वाल्यांना काम करायचं तर ईएडी लागतो आणि तो २६ मे २०१५ पासून काही जणींनाच मिळतो, म्हणजे नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) अप्रूव्ह झालेलं असेल किंवा त्याला सहा वर्षांपुढचं एच-१बी एक्स्टेन्शन मिळालेलं असेल तर. "घरचाच छोटा बिझनेस आहे, कोण बघतंय" असं म्हणणाऱ्यांनी ग्रीन कार्डचा आय-४८५ फॉर्म उघडून बघावा, परवानगीशिवाय कधी काम केलंय का हा प्रश्न तिथे विचारलेला आहे. तिथे खोटं लिहायचं की खरं लिहून अडकायचं? आठ-आठ डॉलर्सच्या फोटोंसाठी?

कोणीतरी १९८४ च्या सुप्रीम कोर्टाच्या केसचाही दाखला दिलाय. हो, बर्नाल विरुद्ध फेंटर, टेक्सासची नोटरीसाठी नागरिकत्वाची अट त्यात उडाली. पण तो बर्नाल पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे ग्रीन कार्डवाला होता हो, एच-४ वर नव्हता!

शिक्क्याचं तर डोकंच फिरवणारं आहे. नोटरी म्हणजे तिऱ्हाईत माणूस, समोरच्याची ओळख पटवायची आणि त्याने आपल्यासमोर सही केली एवढं सांगायचं. स्वतःच काढलेल्या फोटोंवर, स्वतःच्या रिपोर्टवर, ज्याचे पैसे आपल्यालाच मिळणार आहेत त्यावर स्वतःच शिक्का मारायचा म्हणजे कमिशन, म्हणजे नोटरीची नेमणूकच घालवायचं काम आहे. कुठलीही इन्स्पेक्शन कंपनी मला हे कधी मागत नाही.

आता पैसे. नुसत्या ऑक्युपन्सी इन्स्पेक्शनचे, म्हणजे हप्ते थकलेल्या घरात कोणी राहतंय का हे बघायचे, मला साधारण ८ डॉलर्स मिळतात. मागच्या जुलैत एका दिवसात सहा घरं केली, ७० मैल झाले. ४८ डॉलर्स आले, आणि आयआरएसचा २०२५ चा मैलाचा दर ७० सेंट, म्हणजे गाडीचाच हिशोब ४९. त्यात गाडीची झीज धरलेली असते, सगळे रोख जात नाहीत हे मान्य, पण "गॅस तेवढाच" हे कुठे बसतं यात? सह्या लोक संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ठेवतात, फोटो दिवसाउजेडी लागतात, आणि घरं कधीच एका रस्त्यावर नसतात. वर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, म्हणजे स्वतंत्र काम करणाऱ्याचा जादा टॅक्स, १५.३ टक्के.

आणि हे काम नुसतं फोटो काढणं नाही. त्या सहातल्या एका घरासमोर गवत गुडघ्यापर्यंत आलेलं, दाराला पत्रकं अडकवलेली, बघणारा लगेच म्हणेल रिकामं आहे. पण एसीचा बाहेरचा पंखा फिरत होता आणि गॅरेजपाशी पोराची सायकल पडलेली. मी "राहतात" असं लिहिलं. रिकामं लिहिलं असतं तर उद्या कोणीतरी येऊन कुलूप बदललं असतं. तेवढ्यात शेजारीण बाहेर आली, काय चाललंय विचारलं, आणि मी एक शब्द बोलू शकत नाही, कारण त्यांचे हप्ते थकलेत हे तिसऱ्याला कळू द्यायचं नसतं. सहीला जाते तेव्हा मला बोलावलेलं असतं, इथे मी न बोलावता जाते, तेही टेक्सासमध्ये, जिथे घरोघरी बंदुका आहेत. नवीन आलेल्या, गाडी नुकती शिकलेल्या पोरीला एकटीला यात ढकलायचं?

वकील लागत नाही हे खरं आहे, मान्य. भारतात १९५२ च्या नोटरी कायद्याखाली वकिलीची वर्षं मोजतात, इथे टेक्सासमध्ये १० हजार डॉलर्सचा बॉण्ड, फॉर्म आणि २०२६ पासून एक छोटा कोर्स. पण म्हणूनच दरही तसाच आहे, पहिल्या सहीचे जास्तीत जास्त १० डॉलर्स, पुढच्या प्रत्येकीचा १. लोन सायनिंगचे वेगळे पैसे मिळतात, पण इथे होम इक्विटी लोनची (राहत्या घराच्या तारणावरच्या कर्जाची) सही घरी घेताच येत नाही, लेंडर, वकील किंवा टायटल कंपनीच्या (घराच्या मालकीची कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीच्या) ऑफिसातच, राज्यघटनेतच तसं आहे.

जोडधंदा म्हणून इन्स्पेक्शन वाईट नाही, हेही मान्य. २०२०-२१ मध्ये व्याजदर ३ टक्क्यांच्या आसपास होते, रीफायनान्सचे (जुनं कर्ज फेडून कमी व्याजाचं घ्यायचे) फोन थांबत नव्हते, ऑक्टोबर २०२३ मध्ये दर जवळजवळ ८ ला भिडले आणि माझ्या सह्या आटल्या, तेव्हाच मी हे सुरू केलं. पण माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं, आणि ५ हजार मला एकाही महिन्यात दिसलेले नाहीत.

धाकटीला विचारलं, नवऱ्याचं आय-१४० कुठवर आलंय. अजून पर्ममध्येच, म्हणजे आय-१४० च्या आधीच्या टप्प्यातच आहे. म्हणजे ईएडी नाही, म्हणजे फॉर्म भरायचा नाही, बॉण्डचे पैसे द्यायचे नाहीत. मावशीला फोन करून सगळं सांगितलं, तिने ग्रुपवरून मेसेज काढला. बाकी तीन ग्रुपवर तो अजून तसाच आहे, ज्यांनी टाकलाय त्यांनी कृपा करून काढा.