जाणाऱ्याने शेवटचा शब्द मागे ठेवून जावं

नोव्हेंबर आला की सरकार आम्हा पेन्शनरांना एकच प्रश्न विचारतं: जिवंत आहात ना? आपण बँकेत जाऊन सही करतो, नाहीतर मोबाइलसमोर चेहरा धरून डोळे मिचकावतो आणि हयातीचा दाखला पाठवून देतो. त्यात कुणाला अपशकुन वाटत नाही. हाच प्रश्न घरात, सणाच्या दिवशी, जरा पुढे नेऊन विचारला, म्हणजे आम्ही परदेशी असताना घरच्या म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर निर्णय कुणी घ्यायचा, असं म्हटलं की सगळे अंगावर येतात. "वास्तू तथास्तु म्हणते, काय हे अभद्र बोलणं!" यंदाच्या दिवाळीत मी तो विचारला. आमच्या वन्सं अजून धड बोलत नाहीत माझ्याशी. तरीही मी म्हणते, विचारला ते बरंच झालं, आणि तुमच्यापैकी जे कुणी लांबच्या मुक्कामाला परदेशी निघाले असतील त्यांनीही विचारूनच विमानात बसावं.

आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला चाललो आहोत. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. ही बातमी कळल्यापासून भेटेल तो "मज्जा आहे बुवा!" म्हणतो आणि नायगाऱ्याचं विचारतो. थंडीच्या ऐन कडाक्यात, ओल्या बाळंतिणीला घरी ठेवून कोण जातंय धबधबे बघायला! अहो, मदतीला चाललोय आम्ही. तिकडे १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, तीसुद्धा बिनपगारी, आणि पन्नासपेक्षा कमी माणसं असलेल्या कंपन्यांना तो कायदा लागूच नाही. न्यू जर्सीत राज्याच्या विम्यामुळे थोडाफार पगार हातात पडतो, म्हणून लेक नशीबवान. आपल्याकडे २०१७ पासून सव्वीस आठवडे भरपगारी रजा आहे, अर्थात ज्यांना ती खरोखर मिळते त्यांच्यासाठी. तिथली उरलेली फट आजी-आजोबा भरतात. आधी आम्ही, आम्ही परतलो की विहीणबाई. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि बहुतेकदा सहा महिनेच देतो, त्यामुळे पाळीपाळीनेच जावं लागतं.

जाण्याआधीची दिवाळी गावी करायची हे यांनी आधीच ठरवलं होतं. स्वारगेटहून एसटी पकडली. मला महिला सन्मानचं अर्धं, यांना ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं, असं दोघांत मिळून एक तिकीट. खंबाटकी चढताना यांनी नेहमीप्रमाणे "येताना बोगदा, जाताना घाट" हे वाक्य म्हटलं. भुईंजला उतरलो तर थोरले भाऊजी स्वतः गाडी घेऊन उभे. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण धाकट्या भावाची बॅग अजून स्वतः उचलतो.

घरात माणसं मावेनात. निरोपाच्या ओट्या, सुपाऱ्या, देवाचा अंगारा. शिवाय गावातल्या ज्याचं कुणी अमेरिकेत आहे त्याची पिशवी. टेक्सासमधल्या भाच्यासाठी चकल्या माझ्याकडे देणाऱ्या बाईंना न्यू जर्सी आणि टेक्सास यांतलं अंतर सांगण्यात माझा एक सबंध सकाळचा चहा गार झाला. जाऊबाईंनी डिंकाचे लाडू करायला घेतले होते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही बांधून ठेवल्या होत्या, त्या काढून ठेवायला लावल्या. खोबरं पेट घेणारा पदार्थ म्हणून विमानाच्या सामानात चालत नाही. "मग किसून, भाजून लाडवातच घालते, कोण बघतंय," म्हणाल्या. कढीपत्ता तर अमेरिकेत न्यायलाच बंदी आहे, लिंबूवर्गीय झाडांचा रोग त्यातून जातो म्हणून. हे ऐकून भाऊजी म्हणाले, "एवढी काळजी त्यांना झाडांची!"

आता मूळ मुद्दा. सासूबाईंना आम्ही दोघी जावा आत्या म्हणतो. नव्वदीला टेकल्या आहेत. बुद्धी लख्ख, गुडघे गेलेले. पावसाळ्यात त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, तेव्हापासून पायांवर सूज येते-जाते. पाडव्याला शेणाचे पांडव मात्र त्यांनीच करायला बसायचं, नुसतं शेण पुढ्यात आणून द्यायचं. यंदाही केले. सगळे त्यांच्याभोवती होते आणि प्रत्येक जण त्यांना एकच सांगत होता: "आत्या, काही काळजी करू नका, धाकटा येईल सहा महिन्यांत." त्या मान डोलवत होत्या. मला ते बघवेना. त्यांच्या मनात काय चाललंय हे मला ठाऊक होतं, यांच्या मनात काय चाललंय हेही ठाऊक होतं. आणि भाऊजींच्या मनात जे होतं ते तर कुणी विचारतच नव्हतं.

भाऊजींचं दुखणं आपण समजून घेतलंच पाहिजे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं मागे घेतात, मग आपल्यात आणि न्यू जर्सीत साडेदहा तासांचं अंतर पडतं. गावात रात्रीचे दोन वाजलेत, आत्यांना दम लागलाय. तिथे दुपारचे साडेतीन. भाऊजी फोन करणार, आणि तिकडून आमचे प्रश्न सुरू होणार: साताऱ्यात का ठेवलं, पुण्याला का नाही हलवलं, मोठ्या डॉक्टरला दाखवलं का, व्हेंटिलेटर लावला का? रात्री दोन वाजता नव्वदीच्या बाईला अॅम्ब्युलन्समध्ये घालून पुण्याला न्यायचं की नाही, हे कुणी ठरवायचं? तिच्या उशाशी जो उभा आहे त्याने, की ज्याच्या हातात नुसता फोन आहे त्याने?

आमच्या सोसायटीत मी हे जवळून पाहिलंय. वडील इथे धाकट्याजवळ, थोरला परदेशात. शेवटच्या आजारपणात थोरल्याने फोनवरून सगळे उपाय करायला लावले. वडिलांचे हाल, धाकट्याचं कर्ज, आणि गेल्यावर पुन्हा "तुम्ही उशीर केलात" हे ऐकणं धाकट्याच्याच नशिबी. दोघे भाऊ आज एकमेकांच्या घरच्या लग्नालाही जात नाहीत. थोरला वाईट माणूस नाही हो. लांब असल्याचं जे देणं मनात साचलेलं असतं ना, ते तो फोनवरून हुकूम देऊन चुकतं करत होता. तिकडच्या डॉक्टरांत या प्रकाराला नावच आहे, 'डॉटर फ्रॉम कॅलिफोर्निया सिंड्रोम'. १९९१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेखही आला होता. वर्षानुवर्षं लांब राहिलेली मुलगी शेवटी येते आणि सगळं करा म्हणून हटून बसते, असा त्याचा अर्थ. कॅलिफोर्नियातले डॉक्टर म्हणे तिला न्यूयॉर्कची म्हणतात! आपल्याकडे ती मुलगी असेल, मुलगा असेल, सहा महिन्यांसाठी गेलेला पेन्शनर मास्तरही असू शकेल. आमच्या यांच्यासारखा.

म्हणून भाऊबीजेला, वन्सं ओवाळून झाल्यावर, सगळे बसलेले असताना मी म्हटलं, "भाऊजी, आम्ही तिकडे असताना आत्यांना काही झालं तर निर्णय तुमचा. आम्हाला कळवा, पण विचारत थांबू नका. आणि नंतर आम्ही एका शब्दाने बोलणार नाही, हे आज सगळ्यांसमोर सांगतोय." यांनीही मान हलवली, कारण आदल्या रात्री आमचं बोलणं झालं होतं. भाऊजींनी काही न बोलता पानाचा डबा पुढे ओढला. वन्सं मात्र ताट आपटून उठल्या. "आईसमोर? आजच्या दिवशी?"

बोलल्या त्या आत्या. "बस गं खाली. बरं झालं इचारलं. माझं मीच सांगनार हुते, पर तुमी समदी मला लाडू खायला घालताय, मग सांगू कवा?" आणि मग त्यांनी जे सांगितलं ते इतकं व्यवस्थित होतं की बाई कित्येक दिवस मनात उजळणी करत असणार. नळ्या लावायच्या नाहीत. साताऱ्याच्या पुढं न्यायचं नाही. गेले तर पेटीत घालून वाट बघत ठेवायचं नाही, त्याच दिवशी कृष्णाकाठी न्यायचं. दहाव्याला गावजेवण नको. पाटल्या मोडायच्या नाहीत, दोन नातींना एकेक. आणि यांच्याकडे बघून, "तू यायचं न्हाय. तिकडं पोरगी बाळंतीन, तिला सोडून हिकडं पळत येऊन मला काय कळनार हाय? तिकडं तुला सोयर, हिकडं सुतक. दोन्ही एकदमच फेड!" लेकीच्या बाळाचं सोयर आजोबाला कुठलं लागतं, असं भटजी म्हणतील. पण त्या क्षणी हसला नाही असा घरात कुणी नव्हता, आणि हसताना हे रडत होते.

"पेटीत ठेवायचं नाही" हे त्यांनी उगाच सांगितलं नव्हतं. मुंबईला येणारं थेट विमान मिळालं तरी पंधरा-सोळा तास, त्याआधी तिकीट मिळायला हवं, नंतर मुंबईहून गाव. हिशेब कसाही केला तरी दीड दिवस जातोच. गावात अलीकडे प्रत्येक घरी ती शीतपेटी येते, दारात दोन दोन दिवस घरघर करत असते आणि बाया रडायचं थांबून "किती वाजता पोचतोय?" विचारत बसतात. येणाऱ्याचं समाधान होतं, मान्य आहे. पण त्या पेटीत जिला ठेवतात तिला आधी कुणी विचारलेलं असतं का?

तोंडी बोलणं पुरेसं नाही, हे मी चाळीस पोरांच्या वर्गावर शिकलेय. दुसऱ्या दिवशी कागद झाला. नळ्या नकोत या इच्छेला कायद्याचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती मान्य केली, आणि २०२३ मध्ये पद्धतही सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आधी त्यासाठी मॅजिस्ट्रेटकडे जावं लागायचं. पाटल्यांचं आणि घराचं वेगळं मृत्युपत्र. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, फक्त दोन साक्षीदारांनी सही करायची. नोंदणी केलेली बरी, पुढची भांडणं कमी होतात. आत्यांनी सही करताना चष्मा मागितला आणि सगळं वाचून घेतलं. एका ठिकाणी 'सुन' असं ऱ्हस्व लिहिलं होतं, ते मी दुरुस्त केलं. सवय.

आणि पैसे. यावर मी जरा आवाज चढवूनच बोलणार आहे. "निर्णय तुमचा" असं म्हणून खिसा आपल्याकडे ठेवला तर ती नुसती फुकटची उदारता झाली. भाऊजींच्या आणि यांच्या नावाचं खातं आहे, दोघांपैकी कुणीही काढू शकेल असं. त्यात आम्ही आत्यांच्या औषधपाण्याची रक्कम टाकून निघालो आहोत. खर्चाचा हिशेब मागायचा नाही, हेही ठरलंय. जाऊबाईंचं काय? सहा महिने सासूचं उठवणं-बसवणं त्याच करणार. दिवसा मदतीला गावातली एक बाई लावली आहे, पगार आम्ही देणार. जाऊबाई आधी नको म्हणत होत्या, "लोक काय म्हणतील" म्हणून. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, कंबर लोकांची नाही.

उलट बाजूचंही बोललो, म्हणजे आम्हालाच तिकडे काही झालं तर. प्रवासी विम्याची पॉलिसी पूर्ण वाचणारे किती जण आहेत इथे? वाचा एकदा. यांना बीपी, मला शुगर. स्वस्त पॉलिसींत अशी जुनी दुखणी बहुतेक वगळलेली असतात, अचानक उफाळली तरच आणि तेही मर्यादेतच पैसे मिळतात. मृतदेह मायदेशी पाठवण्याच्या खर्चाचं कलमही असतं. ते मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हटलं, माझ्यासाठी वापरू नका, तिथेच उरका. यांना मात्र कृष्णाकाठ हवाय. वाद अजून मिटलेला नाही. लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही, नववा महिना आहे तिचा. बाळ घरी आलं की सांगेन.

वन्सं काल फोनवर जाऊबाईंना म्हणाल्या की धाकटीने माझी भाऊबीज नासवली, परत म्हणून मी त्या घरात ओवाळायला येणार नाही. येतील. त्यांचा राग मला कळतो, आई म्हणजे त्यांचं माहेर आहे, आणि माहेर संपण्याची गोष्ट मी त्यांच्यासमोर फराळाच्या ताटात वाढली. पण फोन ठेवताना त्यांनी विचारलं म्हणे, रात्री-अपरात्री काही झालं तर आधी कुणाला कळवायचं असा जो कागद केलाय, त्यात माझा नंबर आहे की नाही? दुसऱ्या क्रमांकावर आहे. त्यांना पहिला हवाय. भाऊजी म्हणाले, घाला पहिला.