क्रेन निर्दोष आहे असं नाही, पण हा गुन्हा तिचा नव्हे

आमच्या बॅचच्या ग्रुपवर तो फोटो परत फिरून आला. शिडाची एक लांबलचक यॉट कुशीवर कलून अर्धी पाण्यात गेलेली. खाली मजकूर असा: ‘क्रेनवाल्याने कोट्यवधींची यॉट समुद्रात पाडली. एवढी चांगली बोट मालवाहू जहाजावर चढवायचीच कशाला, स्वतः चालवत न्यायची ना! पण शेठला काय, विमा सगळं भरून देतो.’ तीन वाक्यं, एकही धड नाही. ज्यांची अर्धी हयात जहाजांवर गेली त्यांनीही खाली अंगठ्यांची रांग लावली, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

आधी क्रेन. फोटोतली यॉट म्हणजे ‘माय साँग’. फिनलंडच्या बाल्टिक यॉट्सने बांधलेली, सुमारे 40 मीटर लांबीची, मालक इटलीतले उद्योजक पिअर लुईजी लोरो पियाना. 26 मे 2019 च्या पहाटे ती ‘ब्राटिंग्सबोर्ग’ या जहाजाच्या डेकवरून भूमध्य समुद्रात गेली. जहाज तेव्हा पाल्माहून जिनोआकडे निघालेलं, भर समुद्रात होतं. त्या वेळी क्रेन आपापल्या जागी बांधून ठेवलेल्या असतात. वाहतुकीचं काम घेतलेल्या कंपनीने प्राथमिक अंदाज जाहीर केला तो असा की यॉटखालचा क्रेडल प्रवासात मोडला. तो क्रेडल यॉटचाच होता, समुद्रप्रवासाला तो चालेल ही हमी यॉटच्या बाजूने दिलेली होती आणि जोडलाही यॉटच्याच माणसांनी होता, असंही कंपनीने त्यात म्हटलं. हे एका पक्षाचं म्हणणं आहे, आणि ते अंतिम नाही हेही त्यांनीच सांगितलं होतं. तेव्हा दोष कुणाचा याचा निवाडा इथे करत नाही. पण यॉट क्रेनने पाडल्याचं तिथे कुणीही म्हटलेलं नव्हतं. ते फॉरवर्ड करणाऱ्याने घातलं, कारण क्रेन दिसते आणि क्रेडल दिसत नाही.

क्रेडल म्हणजे काय, तर टेकू. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून दोन्ही अंगांना टेकू लावतात, तसलाच, फक्त पोलादाचा. फरक इतकाच की वाळू हलत नाही आणि डेक हलतो. जहाज 20 अंश कललं की निव्वळ उतारामुळे 100 टनांची यॉट बाजूला सुमारे 34 टनांनी रेटते. त्यावर झोक्याचा हिसका वेगळा. एक झोका 12 सेकंदांचा धरला तर दिवसाला 7200 झोके, आणि प्रत्येकात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बंदरात खडकासारखा वाटणारा सांधा तिसऱ्या दिवशी कुरकुरायला लागतो तो यामुळे. शिडाच्या यॉटचं दुखणं आणखी निराळं: सगळा भार खोल, अरुंद कीलवर, म्हणजे तळाखाली उतरलेल्या पात्यावर, आणि वर ताडमाड डोलकाठी.

म्हणून लॅशिंगचा, म्हणजे माल पट्ट्या-साखळ्यांनी डेकला बांधण्याचा, एक जुना अंगठेनियम आहे, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या माल बांधण्याच्या संहितेतही तो दिलेला आहे. एका बाजूच्या सगळ्या लॅशिंगची मिळून कमाल सुरक्षित ताकद मालाच्या वजनाइतकी हवी, आणि दुसऱ्या बाजूलाही तितकीच. 100 टनांच्या यॉटला डावीकडे 100, उजवीकडे 100. शिवाय डेकशी 60 अंशांहून उभा असलेला पट्टा यॉट उलटू नये म्हणून उपयोगी, पण घसरण रोखण्याच्या या हिशेबात धरायचा नाही. यॉटच्या चकचकीत कडांना ओरखडा नको म्हणून पट्टे कसे आणि कुठे लावू देतात, हे ज्याने बघितलंय त्याला हा नियम कितपत पाळला जातो ते सांगायला नको.

क्रेनवर काहीच होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. होतं, आणि त्याचं मूळ बहुतेकदा कागदात असतं. मालक वजन सांगतो ते कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या बोटीचं. नंतर चढलेल्या जेट-स्की, टाक्यांतलं डिझेल आणि गोडं पाणी, बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या अगदी तळातल्या पोकळीतलं, साचलेलं पाणी त्यात नसतं. ते बिल्जचं पाणी उचलताना एका टोकाला धावलं की गुरुत्वमध्य सरकतो. झोळीचे पट्टे प्रोपेलरच्या शाफ्टवर किंवा झोके कमी करणाऱ्या स्टॅबिलायझरच्या पंखांवर येऊ नयेत म्हणून बुडी मारणारा माणूस खाली उतरवून बघावं लागतं. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, बोटीचा तळ वर चढत जातो, तिथे पुढचा पट्टा सरकू नये म्हणून पुढचे-मागचे पट्टे एकमेकांना बांधतात. हे सगळं हूक वर जाण्याआधीचं. क्रेन चालवणारा शेवटचा माणूस, त्यामुळे शिव्या त्याला.

आता ‘स्वतः चालवत न्यायची’. यात तथ्य आहे, आणि ते ‘माय साँग’नेच दाखवलं होतं: 2018 च्या अखेरीस तिने लान्झारोटे ते ग्रेनाडा ही शर्यत साधारण दहा दिवसांत मारली. पण ती जातिवंत शर्यतीची बोट, वर कसलेले खलाशी. 25 मीटरच्या मोटारयॉटला एका टाकीत काही शे सागरी मैल जमतात. कॅनरी बेटांपासून कॅरिबियन 2700 मैल. ती बिचारी काय करणार? आणि स्वतः गेलेल्या बुडत नाहीत असंही नाही. 60 मीटरची ‘योगी’ फेब्रुवारी 2012 मध्ये तुर्कस्तानातून फ्रान्सकडे जाताना ग्रीसच्या स्कायरोस बेटाजवळ बुडाली. आठही खलाशांना हेलिकॉप्टरने उचललं. ऑगस्ट 2022 मध्ये 40 मीटरची ‘माय सागा’ इटलीच्या कातान्झारोसमोर बुडाली, तटरक्षक दलाच्या चित्रफितीत ती बुडताना दिसते. त्यातलेही सगळे वाचले. दोन्हींच्या आसपास क्रेन नव्हती.

ग्रुपवर एकाने ‘वादळापुढे कोणाचं काय चालतं’ असं तत्त्वज्ञान टाकलं. एप्रिल 2021 मध्ये नॉर्वेजवळ ‘एम्सलिफ्ट हेंड्रिका’ या यॉट वाहणाऱ्या जहाजाच्या 12 खलाशांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. वादळ होतंच. पण जहाज कललं ते माल सरकल्यामुळे, आणि मग डेकवरची एक बोट समुद्रात गेली. वादळ सगळ्यांनाच लागतं. माल काय करतो, ते बांधणीवर.

राहिला विमा. इथे तर लोक जहाज कंपनी आणि विमा कंपनी एकच समजतात. समुद्रमार्गे मालवाहतुकीच्या हेग-व्हिस्बी या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी नगामागे 666.67 एसडीआर किंवा किलोमागे 2 एसडीआर, यांतलं जे जास्त तेवढीच. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. 100 टनांच्या यॉटला 2 लाख एसडीआर, म्हणजे पावणेतीन लाख डॉलरच्या आसपास. एवढ्यात तिचा डोलकाठीसकट शिडांचा सरंजाम येईल की नाही, शंकाच आहे. आणि ‘डेकवर नेत आहोत’ असं बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाने माल घेतल्याच्या पावतीवर, लिहून खरोखर डेकवर नेलं, तर तो माल या नियमांच्या व्याख्येतूनच बाहेर पडतो. मग करारात असेल ते. म्हणून शहाणा मालक प्रवासाचा विमा वेगळा उतरवतो, आणि विमा कंपनी आधी विचारते: क्रेडलचा हिशेब कुणी केला, लॅशिंग कोणत्या सर्व्हेयरने पाहिलं, वजन कुणी दिलं?

शेठला काय, म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला खर्च करावा लागला, तर जनरल ॲव्हरेज जाहीर होतं, म्हणजे तो खर्च जहाज आणि त्यावरचा सगळा माल यांच्यात वाटला जातो. मग तुमची यॉट जागची इंचभर हलली नसली तरी तिच्या किमतीच्या प्रमाणात वाटा तुमच्याकडून येणार, आणि त्याची हमी लिहून दिल्याशिवाय जहाजवाले ती ताब्यात देत नाहीत.