भाकरी पुरे झाल्या

फॅमिली ग्रुपवर आज सकाळी भाच्याने लिहिलं, "आता सीट ११ए च बुक करायची, डबल पैसे गेले तरी चालतील." खाली हसून हसून रडणाऱ्या इमोजींची रांग. अरे, अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान काल, १२ जून २०२५ ला दुपारी कोसळलं, त्यातल्या २४२ पैकी २४१ माणसं गेली. जो एकटा वाचला, तो ११ए वर बसला होता. आणि तुम्हाला विनोद सुचतो? तोच धुराचा व्हिडिओ कालपासून किती जणांनी पाठवलाय, मोजायचं सोडून दिलं मी. मला मेघाणीनगरच्या त्या मेडिकल हॉस्टेलच्या मेसचा फोटो छळतोय, जिच्यावर विमान पडलं. भिंतीला भगदाड, आणि टेबलांवर पोरांची अर्धी जेवलेली ताटं.

मैत्रीण म्हणते, "बातम्या बघूच नकोस, मी तर न्यूज डिटॉक्सवर आहे." बरंय बाई तुझं. (ती रात्री झोपते, मी नाही, हे मान्य.)

मला कालपासून आजी आठवतेय. ३० सप्टेंबर १९९३. आम्ही लातूरला, मी सहावीत. विसर्जन आटोपून सगळे झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला फळीवरची भांडी धडाधड खाली आली. उजाडल्यावर कळलं, भूकंपात किल्लारी गेली, सास्तूर गेलं. दगडमातीची जड घरं माणसांच्या अंगावर बसली होती. आजीने काही विचारलं नाही. परात ओढली आणि भाकरी थापायला बसली. गंजगोलाईच्या बाजारातून तिकडे टेम्पो सुटायचे, त्यात आमचं गाठोडं. कोण खाणार, पोचणार तरी का, असं आईने विचारलं तर म्हणाली, "कुनाच्या तरी पोटात जाईल की."

तीन दिवस ती रडली नाही.

आमच्याकडे काय आहे थापायला? अंगठा. फॉरवर्ड, हात जोडलेली इमोजी, पुढचं रील. खरंच चीड येते.

हो, तेव्हा किल्लारी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर होती, आणि अहमदाबादला माझ्या भाकरीचं काय काम, हेही खरंय. तिथे रक्तदानाला रांगा लागल्या म्हणे. मी इथे पुण्यात बसून पोस्ट लिहितेय.

चौथ्या दिवशी टेम्पोवाला म्हणाला, "आजी, भाकरी पुरे झाल्या, आता कपडे-चादरी द्या." आजीने हात धुतले, परात पुसून भिंतीला टेकवली आणि तिथेच बसून जी रडायला लागली, ती दिवेलागणीपर्यंत.

भाच्याला झापायला फोन केला होता. उचलला ताईने. हळूच म्हणाली, ओरडू नकोस गं, रात्रभर बसून होता मोबाईल घेऊन. ऑगस्टमध्ये त्याचं जर्मनीचं तिकीट आहे. पहिलाच विमानप्रवास.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग त्याला फोन दे म्हटलं. पाच-सहा सेकंद दोघंही गप्प. शेवटी "मावशी, डिलीट केलाय मी तो मेसेज" एवढंच म्हणाला. परवा रविवारी जेवायला बोलावलंय. ज्वारीचं पीठ आणायला हवं. माझ्या भाकऱ्या आजीसारख्या फुगत नाहीत, पण तो खातो.