"एका झाकणाने काय होतंय!"

आत्ताच घरी पोचले. पाय ठणकतायत, पण हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

आज चार कुटुंबं मिळून कॅलिफोर्नियातल्या पिनॅकल्स नॅशनल पार्कला गेलो होतो. बेअर गल्चच्या गुहेतून टॉर्च लावून, वाकत, बसत वर आलो. अरुंद घळीत घराएवढाले दगड वरून पडून अडकलेत आणि त्यांच्या पोटाखालून आपण चालतो. वर तलावाकाठी डबे उघडले. तेवढ्यात आमच्यातल्याच एका दादांनी सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण टिचकी मारून दगडांच्या फटीत उडवलं. मी म्हटलं, "दादा, उचला ना ते." तर हसून म्हणाले, "एका झाकणाने काय होतंय!"

काय होतं ते सांगते. तिथल्या कड्यांवर कॉन्डर राहतात, गिधाडांतले राजे, साडेनऊ फूट पंख! १९८७ मध्ये मोकळ्या आभाळातला शेवटचा पक्षी पकडला, तेव्हा जगात अवघे २७ उरले होते. पिंजऱ्यात वाढवून २००३ पासून पिनॅकल्सला सोडायला लागले. मादी एका वेळी एकच अंडं घालते. आणि हे आईबाप असलेच चकचकीत तुकडे वेचून पिल्लाला भरवतात. पोटात पत्रा साचून पिल्लू मरतं. हे होतं, दादा.

हो, शिशाच्या गोळ्यांनी जास्त मरतात, मान्य. दादांनी बाकीचा कचरा पिशवीत भरला, तेही मान्य. पण ती टिचकी डोळ्यांसमोरून जात नाही.

माझ्या आजोळी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. मग यायचीच थांबली. गुरांना टोचायच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गेली, मेलेल्या गुरांच्या मांसातून ते त्यांच्या पोटात जायचं. २००६ मध्ये बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. आजोबांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे ना?

वरचं जरा तिखट झालंय. राहू दे.

तो डोंगर २.३ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा. अर्धा तिकडे दक्षिण कॅलिफोर्नियात लँकेस्टरजवळ राहिला आणि हा अर्धा जमिनीतल्या सॅन अँड्रियासच्या भेगेवरून जवळजवळ ३०० किलोमीटर सरकत इथवर आला. त्याच्या फटीत आता आमचं झाकण.

लेकीने पोटावर झोपून खांद्यापर्यंत हात आत घातला. मग दादाही आडवे झाले, फोनचा उजेड धरला, काही बोलले नाहीत. झाकण दिसत होतं, निघत नव्हतं.

शनिवारी लांब चिमटा घेऊन परत जातेय. जायला दोन तास. दादांचा मेसेज आलाय, गाडी ते काढतायत. दोन जागा आहेत, कुणाला यायचंय?